वर्ग नसलेली पाहुणी

खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं नेमक्या त्या रकान्यावर बोट ठेवलं.

“वर्ग लिहिला नाहीत.”

“वर्ग तुमच्याच कार्यालयाने ठरवायचाय,” ती म्हणाली. “म्हणून तर आलेय.”

“मग ठरला की या.”

“तोवर रायफल ठेवू कुठे?”

“परवाना कुणाच्या नावावर आहे?”

“वडिलांच्या. ते वारले.”

“मग तुम्हाला घरात ठेवता येणार नाही.”

“मग जमा करून घ्या.”

कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला. माणूस वाईट नव्हता, पण खिडकीत बसून बसून त्याचा चेहराही खिडकीसारखा चौकोनी झाला होता. “बाई, वर्ग नसलेलं हत्यार मी कुठल्या कपाटात ठेवू? पहिल्या वर्गाचं कपाट डावीकडे, तिसऱ्या वर्गाचं उजवीकडे. मधे मी बसतो.”

रांगेत मागे कुणीतरी हसलं. तिला हसू आलं नाही. हेच उत्तर तिला बंदुकीच्या दुकानदाराने दिलं होतं, पोलीस चौकीत मिळालं होतं, नेमबाजी क्लबच्या सेक्रेटरीनेही जरा गोड करून दिलं होतं. घरात ठेवावी तर गुन्हा, बाहेर काढावी तर गुन्हा, विकावी तर घेणारा नाही, फुकट द्यावी तर धरणारा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

“एकच मार्ग आहे,” कारकून आवाज उतरवून म्हणाला. “वारसाने स्वतः परीक्षणाला घेऊन यायचं. मंगळवारी परीक्षक बाई असतात. पहिल्या वर्गात बसली तर तुमच्या नावावर करून देऊ, घरी न्या.”

“आणि तिसऱ्यात बसली तर?”

“तर ती परत यायची नाही. मागच्या खोलीत यंत्र आहे, तिथेच कापतात.” त्याने अर्जावर शिक्का मारला. “आजवर ही रायफल असलेल्यांपैकी कुणी आपली आणायला तयार झालं नाही. सगळे म्हणतात, आधी दुसऱ्याची बघा. तुमची आली की सगळ्यांचाच निकाल लागेल.”

रायफल परदेशातून आलेली, म्हणून क्लबात सगळे तिला पाहुणी म्हणत. तिचं दुखणं एवढंच होतं की ती कायद्याच्या दोन वर्गांच्या बरोबर मधे येऊन बसली होती. पहिला वर्ग हाताने भरायच्या रायफलींचा: गोळी झाडली की बोल्ट हाताने मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी गोळी. परवाना असला की कुणीही बाळगावी. दुसरा पिस्तुलांचा, त्याचा इथे संबंध नाही. तिसरा वर्ग आपोआप भरणाऱ्यांचा: चाप ओढत जा, गोळ्या सुटत जातील. ती खाजगी माणसाने बाळगायचीच नाही. पाहुणीचा बोल्ट गोळी सुटली की आपणहून मागे यायचा, पण मागेच थबकायचा. बाजूचा एक लहानसा खटका अंगठ्याने दाबला तरच तो पुढे जाऊन नवं काडतूस उचलायचा. म्हणजे निम्मं काम तिचं, निम्मं माणसाचं. हिला हाताची म्हणायची की आपोआपची?

आयात झाली तेव्हा याच कार्यालयाच्या परीक्षण कक्षाने लिहून दिलं, पहिला वर्ग. घेणाऱ्यांनी विश्वासाने घेतली. पुढच्या खेपेला बंदरावरच्या कुणा अधिकाऱ्याने खोके अडवले आणि म्हटलं, तिसरा. मग कुजबुज सुरू झाली. क्लबातल्या सगळ्या मालकांचं एकमत झालं की तोंडात मूग धरून बसायचं. फक्त तिचे वडील, अण्णा, म्हणाले, “शंका आहे तर विचारावं. विचारायला काय जातं?” आणि त्यांनी कक्षाला सरळ पत्र टाकलं. उत्तर आलं: विचाराधीन. तेव्हापासून घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. विकणं बंद, नावावर करणं बंद, स्पर्धेला नेणं बंद. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मास्तर भर क्लबात अण्णांना म्हणाले होते. मास्तर म्हणजे अण्णांचे तीस वर्षांचे नेमबाजीतले जोडीदार, शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेले. त्या दिवसानंतर दोघे शेजारच्या चौथऱ्यांवरून नेम धरत, पण बोलत नसत. अण्णा गेले तेव्हाही बोलणं तुटलेलंच होतं.

*

अण्णा कारखान्यात टूलरूमचे फिटर होते. निवृत्तीनंतर झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय परत आला, खांदा बराचसा आला, हाताची बोटं रेंगाळत आली. अंगठा काही यायला तयार नव्हता. मुलगी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायची, संध्याकाळी येऊन बापाचा अंगठा. रबरी चेंडू हातात द्यायची आणि म्हणायची, “दाब. सोड. थांब. दाब. सोड. थांब.” अण्णा चेंडू भिंतीवर फेकून द्यायचे. “बाप आहे मी तुझा, मजूर नाही. मुकादमासारखी उभी राहतेस डोक्यावर!” तेव्हापासून घरात आणि क्लबात तिचं नाव मुकादमच पडलं.

जुन्या रायफलचा बोल्ट ओढण्याइतका जोर त्यांच्या हातात पुन्हा येणार नव्हता. पाहुणी त्यांनी घेतली ती खटक्यासाठी. खांदा हलवायचा नाही, मनगट फिरवायचं नाही, नुसता अंगठा. आणि जे चेंडूने झालं नाही ते खटक्याने झालं. खटका आखूड होता, कडक होता, अंगठा घसरायचा. म्हणून अण्णांनी बाल्कनीतल्या वाइसच्या जबड्यांत पितळेचा एक तुकडा धरला आणि डाव्या हाताने कानस चालवत, उजव्याने नुसता आधार देत, एक लांबट पट्टी घडवायला घेतली. मुकादम बघत होती. कानस चालवणं हाही व्यायामच, म्हणून तिने हो म्हटलं. अख्खा हिवाळा गेला. कितीतरी तुकडे बिघडून डब्यात पडले. शेवटी अंगठ्याच्या पेराएवढी, मधे किंचित खोलगट, कडांना गोल अशी पट्टी तयार झाली आणि एका स्क्रूने खटक्यावर बसली. पहिल्याच दिवशी अण्णांनी ती दाबली, सोडली आणि मान वर करून म्हणाले, “थांब. बघ, थांबलोसुद्धा. झालं समाधान, मुकादम?”

आईने पाहुणीला पहिल्या दिवसापासून सवत म्हटलं होतं. “रविवार उजाडला की हे सवतीकडे.” पण पट्टी बसली तेव्हापासून दर रविवारी सकाळी तीच मऊ फडकं घेऊन बसायची आणि पितळ लख्ख करून द्यायची. “सवतीचा दागिना,” म्हणायची. “माझ्या बांगड्या एवढ्या कधी घासल्या नाहीत.”

आता मंगळवार जवळ आला होता. मुकादमने लोखंडी कपाट उघडलं तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“कापतात म्हणे?”

“तुला कुणी सांगितलं?”

“मास्तरांचा फोन आला होता. तुला विचारत होते. ह्यांच्याशी बोलले नाहीत, आता माझ्याशी बोलतात.” आईने पदराला हात पुसले, कोरडेच होते तरी. “कशाने कापतात गं? करवतीने?”

“यंत्र असतं.”

“ती परत आण,” आई म्हणाली. “मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय? ह्यांचे कपडे देऊन टाकलेस, बोलले नाही. चष्मा दिलास, चपला दिल्यास. ती मात्र परत आण.”

*

परीक्षणाआधी एकदा तालीम करून बघावी, असं दंतवैद्याने सुचवलं. तोही पाहुणीचा मालक. चाळिशीचा, बोलका, दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून बसत असल्याने संध्याकाळी स्वतःचं तोंड बंद ठेवू न शकणारा. मुकादमकडे शिकाऊ सभासदाचं कार्ड होतं, पण ती नेहमी क्लबच्या साध्या रायफलवर शिकलेली. पाहुणी अण्णांच्या हातातून तिने कधी घेतली नव्हती.

रायफल बाहेर काढायला एका दिवसाचा कागद लागला. रविवारी दुपारी क्लबच्या मैदानावर तिघंच होते: ती, दंतवैद्य आणि मास्तर. मास्तर लांब बाकावर बसले होते, दोन्ही हात काठीवर. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती. त्यांच्या पाहुणीवरही अण्णांनी घडवलेली तशीच पट्टी होती, अबोला धरण्याआधीची.

“मी आधी दाखवतो,” दंतवैद्य म्हणाला. “बाईंसमोर कसं करायचं ते बघ. सावकाश. जणू फार कष्टाचं काम आहे. गोळी झाडली की एक सुस्कारा टाकायचा, मग खटका.”

“नाटक करायचंय का?”

“नाटक नाही गं. सादरीकरण.”

त्याने रायफल खांद्याला लावली, अंगठा पितळेच्या पट्टीवर ठेवला. “वा! अण्णांनी काय बनवलंय. लोण्यासारखं.” आणि चाप ओढला.

गोळी सुटली. बोल्ट मागे आला आणि थांबला नाही. खाडकन पुढे गेला. दंतवैद्य चपापला, बोट चापावरच होतं, ते आवळलं गेलं आणि दुसरी गोळी मातीच्या बांधात धूळ उडवून गेली.

बांधावरची धूळ खाली बसेपर्यंत तिघंही तिकडेच बघत राहिले.

“मी खटका दाबला नाही,” दंतवैद्य हळूच म्हणाला. “आईशप्पथ. अंगठा नुसता ठेवला होता.”

“ठेवला नव्हता,” मास्तर बाकावरून म्हणाले. “दाबून धरला होतास. परत कर. दोनच काडतुसं भर.”

त्याने परत केलं. परत तेच झालं. मूळचा आखूड खटका अंगठ्याला झिडकारून टाकायचा. पण पट्टीच्या लांबीमुळे जोर मिळत होता. धडधाकट अंगठ्याने तो दाबूनच धरला तर बोल्टला थबकायला जागाच उरत नव्हती. पाहुणी आपोआप भरत होती. सरळसरळ तिसरा वर्ग.

“अण्णांना हे माहीत होतं?” दंतवैद्याने विचारलं.

“नाही,” मुकादम म्हणाली.

“कशावरून?”

कारण अण्णांच्या अंगठ्यात दाबून धरण्याइतका जोर कधी आलाच नाही. दाब, सोड, थांब. ती लय तिनेच त्यांच्या हातात भरली होती. झटक्याने अधू झालेल्या हातासाठी त्यांनी जे घडवलं ते त्या हातात निर्दोष होतं. दुसऱ्याच्या हातात ते काय होईल हे तपासायला त्यांच्याजवळ दुसरा हातच नव्हता. हे सगळं तिच्या मनात एका क्षणात आलं, पण ती एवढंच म्हणाली, “मी त्यांचा अंगठा रोज बघत होते.”

मास्तर उठून जवळ आले. जवळून त्यांच्या श्वासाला औषधाचा वास येत होता.

“मुकादम, ऐक. तो स्क्रू काढ. पट्टी काढ. मूळच्या खटक्याने परीक्षण दे. आली होती तशी दाखव.”

“आणि विचारलं तर?”

“कोण विचारतंय? तुझ्या बापाने विचारलं म्हणून तर ही वेळ आली!” मास्तरांचा आवाज चिरकला. मग त्यांनी तो खाली आणला. “त्यांच्याकडे एक नियम आहे. जे सहज बदलून तिसऱ्या वर्गाचं करता येतं ते बदललेलंच धरायचं. एका पट्टीने ही आपोआप होते हे त्यांनी पाहिलं, तर तुझीच नाही, सगळ्यांच्या जातील. माझीही जाईल. या बोटांना दुसरी कुठली रायफल चालते, सांग मला.”

दंतवैद्याने डबीतून छोटा स्क्रूड्रायव्हर काढून तिच्यापुढे धरला.

स्क्रू सहज निघाला. अण्णांनी त्याला तेलाचा हात दिलेला होता. पट्टी तिच्या तळहातावर आली तेव्हा ती उन्हाने गरम झालेली होती. तिने ती पर्समधल्या आतल्या कप्प्यात टाकली, चेन ओढली.

*

परीक्षणाची खोली लांबट होती, भिंतींना आवाज शोषणारे करडे पत्रे, एका टोकाला गोळी झाडायची काचेमागची बोळकांडी. मागच्या दारापलीकडे ते यंत्र असावं. मधूनमधून धातू चिरल्याचा किरकिरा आवाज येई आणि थांबे. परीक्षक बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात. बोलणं तुटक, पण तुसडं नाही.

“तुम्ही मालकाच्या कोण?”

“मुलगी.”

“चालवता येते?”

“शिकाऊ कार्ड आहे.”

“मग तुम्ही फक्त बघा. मी चालवते.”

बाई बोळकांडीत गेल्या. गोळी सुटली. बोल्ट मागे येऊन थबकला. खटका. पुढे. गोळी. थबकला. बाईंनी खटका दाबून धरायचा प्रयत्न केला, अंगठा घसरला. पुन्हा धरला; पुन्हा घसरला. मुकादम काचेबाहेर उभी राहून हाताची घडी इतकी घट्ट धरून होती की दंडावर बोटांचे वळ उठले. बाहेरच्या बाकावर मास्तर आणि दंतवैद्य बसले होते. दाराच्या फटीतून मास्तरांची काठी दिसत होती. तिचं टोक फरशीवर अलगद आपटत होतं.

बाई बाहेर आल्या. रायफल रिकामी करून टेबलावर ठेवली. “खटका स्वतंत्र आहे. दरवेळी दाबावा लागतो. दाबून धरता येत नाही.” पेन उचललं. मुकादमने हाताची घडी सोडली.

मग बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खटक्यावर वाकल्या. पेन खाली ठेवलं. दिव्याची मान ओढून जवळ घेतली.

“इथे स्क्रूचं भोक आहे. कारखान्याचं नाही, नंतर पाडलेलं. आणि भोवतीचा रंग उडालेला नाही, म्हणजे त्यावर काहीतरी झाकण होतं.” त्यांनी वर बघितलं. “इथे काही बसवलेलं होतं का?”

नाही म्हणणं सोपं होतं. ‘मला माहीत नाही’ तर त्याहून सोपं. मुलीला बापाच्या रायफलचं काय ठाऊक असणार? ते वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलंसुद्धा. काठीचा आवाज थांबला होता. दार अर्धवट उघडंच होतं. बाहेर सगळं ऐकू जात असणार. तिला वाटलं, आपण नाही म्हटलं की बाई पेन उचलतील, शिक्का पडेल, आईचं कपाट भरलेलं राहील. आणि अण्णा कायमचे असे गृहस्थ होतील, ज्यांच्या रायफलला एक भोक होतं आणि ते कशाचं हे त्यांच्या मुलीला सांगता आलं नाही.

तिने पर्सची चेन उघडली. पट्टी टेबलावर ठेवली तेव्हा टक् असा लहानसा आवाज झाला. बाहेर कुणीतरी श्वास सोडला.

बाईंनी ती जवळ ओढली. पट्टी उचलून दिव्याखाली फिरवली, कडेवरून बोट फिरवलं. “हाताने केलीय.”

“वडिलांनी. झटक्याने त्यांचा अंगठा गेला होता.”

“बसवा.”

मुकादमने स्क्रू लावला. बाई पुन्हा बोळकांडीत गेल्या. यावेळी दोन गोळ्यांच्या मधे खटक्याचा आवाज आला नाही. तिसरीही तशीच गेली.

परत आल्यावर बाई खुर्चीत बसल्या आणि तिलाही बसायची खूण केली. “हे तुम्हाला माहीत होतं.”

“रविवारपासून. त्यांना माहीत नव्हतं.”

“असं कसं?”

“त्यांना दाबून धरता यायचं नाही. ते असं करायचे.” तिने टेबलाच्या कडेवर अंगठा ठेवला. दाबला. सोडला. थांबली. पुन्हा दाबला, सोडला, थांबली. बाई तिच्या अंगठ्याकडे बघत होत्या. तिसऱ्यांदा करताना तिला कळलं की ती ओठांतल्या ओठांत तेच शब्द म्हणतेय, आणि तिने हात मांडीवर घेतला.

“मी हात बघू शकत नाही,” बाई म्हणाल्या. “हत्यार उद्या कुणाच्याही हातात जातं.”

“हो.”

“आता मला एवढंच ठरवायचंय, हा बदल सहज करण्याजोगा आहे का. ही पट्टी बनवायला किती वेळ लागला?”

“अख्खा हिवाळा.”

“अधू हाताने. धडधाकट माणसाला?”

मागच्या खोलीतला किरकिरा आवाज पुन्हा सुरू झाला. मुकादमने तो थांबेपर्यंत वाट पाहिली. “फिटरला दोनेक दिवस. वाइस लागेल, कानशी लागतील. भोक नेमकं पाडावं लागेल, एक केस इकडेतिकडे झाला तर खटका अडकतो. त्यांचे कितीतरी तुकडे बिघडले, आणि त्यांनी आयुष्यभर तेच काम केलं होतं.”

“आणि फिटर नसलेल्याला?”

“मला नाही जमणार. तुम्हाला जमतं का बघा.”

बाईंच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. मग त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. मधेच उठल्या, पट्टी काढली, तिची जाडी मोजली, पुन्हा लिहिलं.

“ऐका,” शेवटी बाई म्हणाल्या. “ज्याला कसबी कारागीर आणि हत्यारं लागतात त्याला मी सहज म्हणणार नाही. रायफल आली होती तशी पहिल्या वर्गात. तुमची आणि त्या जातीच्या सगळ्या. पण ही पट्टी निषिद्ध. रायफलचा भाग म्हणून नोंदवली तर दोन्ही जातात. सुटा भाग म्हणून तुम्ही आपणहून जमा करताय अशी नोंद केली तर फक्त पट्टी जाते, आणि तुमच्यावर काही येत नाही. मात्र ती तुमच्यासमोर कापावी लागेल. नियम आहे.”

मुकादमने टेबलाकडे पाहिलं. रायफल दुकानातून आलेली होती. अशाच आणखी डझनभर कुणाकुणाच्या कपाटांत होत्या. अण्णांच्या हाताचं त्यात काही असेल तर ते पितळच. मधला खोलगटपणा त्यांच्या अंगठ्याच्या मापाचा होता. कापडी फितीवर ते माप तिनेच घेऊन दिलं होतं.

“सुटा भाग,” ती म्हणाली.

मागच्या खोलीत एका माणसाने पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत ठेवली. पितळ मऊ, फारसा आवाजही झाला नाही. एक तुकडा टेबलावर राहिला, एक घरंगळून तिच्या चपलेशी आला. तिने तो उचलला.

“तुकडेही जमा करावे लागतात,” तो माणूस ओशाळून म्हणाला.

“हो,” ती म्हणाली आणि दिला.

*

बाहेर आली तेव्हा दंतवैद्य उभाच होता. त्याने तिचे दोन्ही हात धरले. मास्तर बाकावरच होते.

“सुटलो म्हणायचं,” ते म्हणाले. तिच्याकडे बघत नव्हते.

“तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं.”

“ओरडणार होतो. बापावर गेलीस अगदी.” त्यांनी काठी दोन पायांत धरली, वाकड्या बोटांनी कोटाच्या खिशात चाचपलं आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. रुमाल उलगडायला त्यांना वेळ लागला. मुकादमने मदतीला हात पुढे केला नाही. आतली पट्टी तिच्या पट्टीपेक्षा रुंद होती, एका बाजूला तिरकी. वाकलेल्या अंगठ्यासाठी तिरकी. “रविवारीच काढली घरी जाऊन. वाटलं होतं, कुठेतरी पुरून ठेवावी.”

“मास्तर, तुमच्याकडे त्यांनी मागितलेली नाही.”

“अजून नाही मागितली.” ते काठीवर भार देऊन उठले. “त्या मूर्खाने ही आणून दिली तेव्हा बरोब्बर बसली. मी आभारसुद्धा मानले नव्हते. म्हटलं होतं, पॉलिश जरा कमी पडलंय.”

परीक्षणाच्या खोलीच्या दाराशी पोचून ते थांबले, रुमालाने पट्टी एकदा पुसली आणि आत गेले. दंतवैद्य त्यांच्यासाठी दार धरून उभा राहिला.

घरी आई दारातच होती. लांबट खोका बघितल्यावर तिने पुढे होऊन त्याचं एक टोक धरलं. “आणलीस.”

“आणली. आपल्या नावावर झाली आता. माझ्या.”

“कापली नाही ना?”

“रायफल नाही कापली.”

दोघींनी मिळून खोका उघडला. पाहुणी कपाटात जिथे असायची तिथे उभी केली. आईने खालच्या कप्प्यातून ते मऊ फडकं काढलं, पितळाने काळवंडलेलं, आणि सवयीने हात खटक्याकडे नेला. तिथे उघडं लोखंड होतं आणि एक बारीकसं भोक.

आई काही विचारील म्हणून मुकादम थांबली. आईने आपला अंगठा त्या आखूड खटक्यावर ठेवून दाबून पाहिला. तो कडक होता, हलला नाही.

“ह्यांना हा जमला नसता,” आई म्हणाली.

“नसता जमला.”

आईने फडक्याचा एक कोपरा बोटावर गुंडाळला आणि त्या भोकाभोवतीची जागा, रंग न उडालेली तेवढी, हळूहळू पुसायला घेतली.